जीपच्या मागचा हौदा

जुना लष्करी ट्रेलर म्हणून कुणी काही दाखवलं तर आधी रंगाकडे बघू नये. रंग कालचाही असू शकतो. वाकून हौद्याच्या तळाकडे बघावं. तिथे पाणी सोडायची दोन बुचं असली आणि हौदा चारही बाजूंनी अखंड पत्र्याचा असला, मागची बाजू उघडणारी नसली, तर आपण एका मोठ्या घराण्याच्या दारात उभे आहोत असं समजायला हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जीपच्या मागे धावलेल्या पाव टनी ट्रेलरचं हे घराणं. हौद्याला बुचं कशासाठी? कारण तो तरंगावा म्हणूनच बांधलेला होता. नदी लागली की जीप ताडपत्रीत गुंडाळून पलीकडे नेता येई आणि मागचा ट्रेलर भरलेल्या मालासकट स्वतःच्या बळावर पाण्यावर राही. बाहेरचं पाणी आत न येणाऱ्या हौद्यात पावसाचं पाणी साचणारच. ते काढून टाकायची वाट म्हणजे ही बुचं.

या ट्रेलरची ओळख पटवताना माझा एकच नियम आहे. त्याच्यापुढे कोण जुंपलेलं होतं ते आधी शोधायचं. ट्रेलरला स्वतःचं इंजिन नाही, स्टिअरिंग नाही. त्याची रुंदी, चाकं, दिव्यांचा दाब, दांडीची उंची, सगळं ओढणाऱ्याने ठरवलेलं असतं. ओढणारा बदलला की ट्रेलर बदलतो, मग तो बदल कारखान्यात झालेला असो नाहीतर गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानात.

त्यामुळे ट्रेलरची कथा जीपपासून सुरू करावी लागते, आणि जीपची पेनसिल्व्हेनियातल्या बटलर या छोट्या गावापासून. तिथे अमेरिकन बँटम नावाची मोटार कंपनी होती. ब्रिटिश ऑस्टिनच्या चिमुकल्या गाड्या अमेरिकेत बनवायला निघालेल्या आणि दिवाळं निघालेल्या एका कंपनीतून ती उभी राहिली होती. मोठ्या गाड्यांच्या देशात लहान गाड्या विकणारी ही कंपनी १९४० साली शेवटच्या घटका मोजत होती. त्याच वर्षी जुलैत अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. पहिली गाडी ४९ दिवसांत आणि सगळ्या सत्तर गाड्या ७५ दिवसांत द्यायच्या होत्या. एवढी घाई कुणाला परवडणार? बँटम आणि विलीज-ओव्हरलँड या दोघांनीच उत्तर दिलं आणि मुदत पाळायची तयारी बँटमने दाखवली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने काही दिवसांत आराखडे कागदावर उतरवले. २३ सप्टेंबर १९४० रोजी संध्याकाळी साडेचारला, मुदत संपायला अर्धा तास उरलेला असताना, पहिली गाडी मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डच्या फाटकातून आत आली.

पुढचं सांगताना मला आजही वाईट वाटतं. एवढ्याशा कारखान्याच्या जोरावर लाखो गाड्या मिळणार नाहीत, असा लष्कराचा हिशेब होता. बँटमचे आराखडे विलीज आणि फोर्डच्या हाती पडले. १९४१ मध्ये मोठं कंत्राट विलीजला मिळालं, मग दुसरा उत्पादक म्हणून फोर्ड आली. ज्यांनी जीपला जन्म दिला त्यांच्या वाट्याला जेमतेम पावणेतीन हजार जीप आल्या. त्या वर्षाच्या अखेरीला बटलरमधलं जीपचं काम थांबलं आणि बँटमच्या हाती जीपच्या मागचा ट्रेलर उरला.

त्यांनी तो फार उत्तम बांधला, हे मात्र सांगितलंच पाहिजे. लष्कराच्या सुट्या भागांच्या यादीत या ट्रेलरला जी-५२९ असा क्रमांक आहे. बँटमच्या ट्रेलरला टी-३ म्हणतात आणि विलीजने बनवलेल्याला एमबी-टी. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून लाखाहून अधिक ट्रेलर बनवले. आज कुठल्याही देशात सापडणारा युद्धकाळातला पाव टनी ट्रेलर बहुधा या दोघांपैकी एकाचा असतो.

आता त्याच्यातली जीप बघू. चाकं जीपची आणि टायरही जीपचाच, ६.००-१६ मापाचा. म्हणजे ट्रेलरचा टायर फुटला तर जीपच्या पाठीवरचं स्टेपनीचं चाक तसंच त्याला बसतं आणि वेळ पडली तर उलटही करता येतं. दोन्ही चाकांमधलं अंतर जीपइतकंच, सुमारे ४९ इंच. म्हणून चिखलात जीपने पाडलेल्या चाकोरीतूनच ट्रेलर मागे येतो, स्वतःची वेगळी चाकोरी पाडत नाही आणि इंजिनावर जादा ओढ येत नाही. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. ट्रेलरची एकूण रुंदी ५६ इंच आणि जीपची ६२. जीप ज्या फटीतून गेली तिथे ट्रेलर अडकायचा प्रश्नच नाही. मागे पाटे आणि शॉक ॲब्सॉर्बर, पुढे दांडीच्या टोकाला जाड लोखंडी कडं. ते जीपच्या मागच्या मिटणाऱ्या हुकात अडकतं आणि उंचसखल जमिनीवर कुठल्याही दिशेला मुरडू शकतं. हुक निसटलाच तर आधाराला दोन साखळ्या. जीपपासून सोडवल्यावर उभं राहायला दांडीखाली दुमडता येणारा पाय आणि चाकं धरून ठेवायला हातब्रेक.

पाव टन म्हणजे किती, यात आपली नेहमी गल्लत होते. अमेरिकन टन २,००० पौंडांचा. त्याचा चौथा हिस्सा ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. रिकामा ट्रेलर ५५० पौंडांचा, भरल्यावर १,०५०. युद्धात हा आकडा कुणी पाळला नाही. दारूगोळ्याच्या पेट्या, पेट्रोलचे कॅन, पाणी, तंबू, टपाल, जखमींचं सामान, जे मावेल ते भरलं जाई. मात्र भरायची एक रीत होती. एका आसाच्या गाडीत वजन मागे गेलं की गाडी उलाळ होते, दांडी वर उचलली जाते आणि ओढणाऱ्याची पकड सुटते. बैलगाडीचा हा नियम जीपलाही लागू. म्हणून जड माल आसाच्या किंचित पुढे. ज्या ट्रेलरच्या हौद्याचा पुढचा भाग आतून जास्त ठोकलेला, पोचे पडलेला दिसतो तो जाणत्या हातांनी भरला गेला होता, असं खुशाल समजावं.

पहिले बदल खुद्द सैन्यानेच केले. विमानातून उतरवायचं तर वॅको ग्लायडरच्या पोटात एक जीप मावे. तिचा ट्रेलर दुसऱ्या ग्लायडरमधून येई आणि जमिनीवर उतरल्यावर दोघांची गाठ पडे. ब्रिटिशांच्या हवाई तुकड्यांमधल्या पुरवठ्याच्या जीप एकामागे एक असे दोन ट्रेलर ओढत. १९४४ च्या सप्टेंबरात आर्नहेमला उतरलेल्या जीप अशाच होत्या. दोन ट्रेलर लावायचे तर पहिल्याच्या पाठीवर आणखी एक हुक हवा. जुन्या ट्रेलरच्या मागच्या चासीवर जादा हुकाची जागा, तिच्या आतून लावलेली जाड पट्टी आणि बोल्टची भोकं दिसली तर ती कुण्या शेतकऱ्याने नंतर केली, असा निकाल लगेच देऊ नये. त्या भोकांच्या कडा आणि त्यावरचे रंगाचे थर आधी बघावेत.

याच काळात या घराण्याचा थोरला भाऊही धावत होता. मिलवॉकीच्या बेन-हर कंपनीच्या नावाने ओळखला जाणारा एक टनी ट्रेलर कितीतरी कंपन्यांनी बनवला, पण नाव मात्र बेन-हरचंच राहिलं. नियम इथेही तोच. तो जीएमसीच्या अडीच टनी ट्रकच्या मागे लागायचा, म्हणून त्याचे टायर त्या ट्रकचे, ७.५०-२० मापाचे. त्याच्या चासीवर २५० गॅलनची पाण्याची टाकी बसवली की सैन्याची पाण्याची गाडी तयार. अशाच एक टनी वर्गातल्या के-५२ ट्रेलरवर दहा किलोवॅटचा जनरेटर बसवून तो शेव्हरोलेच्या रेडिओ ट्रकच्या मागे जोडलेला असे आणि त्याच्या विजेवर मोठ्या पल्ल्याचा संदेशवाहक चाले.

मागच्या दिव्यांकडे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. युद्धकाळातल्या ट्रेलरवर मागे दोन दिवे असत. त्यांत ब्लॅकआउटसाठी मांजराच्या डोळ्यांसारख्या बारीक फटी होत्या. रात्री ताफा दिवे मालवून चालला की मागच्या चालकाला त्या फटींवरून अंतर कळे. फार मागे असला तर सगळ्यांचा मिळून एकच ठिपका दिसे, थोडा जवळ आला की दोन, फार जवळ आला की सगळ्या फटी वेगवेगळ्या दिसत. शत्रूच्या विमानाला वरून काहीच दिसत नसे. ट्रेलर लावला की जीपचे मागचे दिवे झाकले जातात, म्हणून हे काम ट्रेलरच्या पाठीवर आलं. आज बहुतेक ट्रेलरवर हे दिवे काढून बाजारातले लाल गोल दिवे लावलेले असतात. पण दिव्यामागची मूळ पट्टी आणि पत्र्यातून जाणाऱ्या तारेचं भोक सहसा शिल्लक राहतं. मूळ दिव्यांचा शोध तिथून सुरू करावा.

युद्धानंतर ओढणारा बदलला आणि ट्रेलरही बदलला. १९५० च्या सुमारास सैन्यात एम-३८ जीप आली. तिची वीजव्यवस्था सहाऐवजी चोवीस व्होल्टची आणि टायर ७.००-१६ चे. तिच्या मागे एम-१०० ट्रेलर आला. हौदा आणि गोलाकार मडगार्ड लांबून इतके सारखे की अनुभवी माणूसही चकतो. पण जवळ जा. मूळ चाकावर ७.०० चा टायर आणि पुढच्या तारेच्या टोकाला बारा पिनांचा जाड लष्करी प्लग असेल तर तो महायुद्धातला नव्हे, कोरियाच्या युद्धाच्या काळातला. नुसत्या टायरवर मात्र विसंबू नये, कारण ६.०० च्या जागी ७.०० चढवणं सोपं आहे. तारेचा प्लग बदलायचे कष्ट फारसं कुणी घेत नाही, म्हणून माझा भरवसा प्लगवर जास्त.

१९६० च्या दशकात फोर्डने घडवलेली एम-१५१ आली. ती जीपपेक्षा बसकी आणि रुंद चाकोरीची होती. तिच्यासोबत आलेला एम-४१६ ओळखायला सर्वांत सोपा. त्याचे मडगार्ड गोल नाहीत. माथा सपाट आणि पुढेमागे तिरप्या कडा, जणू पत्रा पट्टीवर दुमडला आहे. व्हिएतनामच्या युद्धात वापरला गेलेला हा ट्रेलर पुढे लिलावात मोठ्या संख्येने नागरिकांच्या हाती गेला. आज अमेरिकेत आडवाटांवर भटकणाऱ्यांच्या गाड्यांमागे झाकण आणि वर तंबू लावलेला जो पत्र्याचा छोटा ट्रेलर दिसतो तो पुष्कळदा हाच असतो. एम-३७ या डॉज ट्रकमागचा पाऊण टनी एम-१०१ आणि अडीच टनी ट्रकमागचा दीड टनी एम-१०५ ही याच पिढीतली मोठी भावंडं. त्यांची ओळख वेगळी आहे आणि त्यांच्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

आता नागरी फेरबदल. खरी परीक्षा इथे लागते. लष्करी ट्रेलरला मागे दार नाही. सैनिक चौघे मिळून माल वरून उचलून ठेवत. शेतकऱ्याला मात्र एकट्याने शेणखत भरायचं आहे, ओंडके ओढायचे आहेत. त्याला मागची बाजू उघडी हवी. बँटमने हे ओळखून युद्धानंतर टी-३-सी हा नागरी ट्रेलर काढला. त्याला कारखान्यातच मागे पडतं दार होतं. म्हणून मागे दार असलेला बँटम दिसला तर दोन शक्यता. एक तर तो मुळातच नागरी, नाहीतर युद्धातला असून नंतर कापलेला. फरक ओळखायचा तर वरच्या काठाकडे बघा. कारखान्याच्या दाराभोवती काठ नीट वळवून संपवलेला असतो. कापलेल्यात काठ मध्येच तुटतो, कापाच्या कडेला वेल्डिंगची गाठ दिसते, बिजागऱ्या वेगळ्या जातीच्या असतात आणि ताडपत्रीची दोरी अडकवायच्या बाहेरच्या आकड्यांपैकी मागचे आकडे गायब असतात.

कापण्याने ट्रेलरचं नुकसान फक्त मूळपणाचं होत नाही. हा हौदा डबीसारखा आहे आणि चार बाजू एकमेकींना धरून असतात म्हणून पातळ पत्र्यालाही ताकद असते. एक बाजू कापली की बाजूच्या भिंती बाहेर पसरतात आणि काही वर्षांत पुढच्या कोपऱ्यांत तडे जातात. कापून झालेला असेलच तर निदान वरच्या काठाला कोनी पट्टी द्यावी, एवढं सांगावंसं वाटतं.

दुसरा नेहमीचा बदल दांडीच्या टोकाला. मोटारीला जोडायचं म्हणून लोखंडी कडं कापून गोळ्याची कपलिंग बसवतात. ट्रॅक्टरला लावायचं तर पिनेत बसणारी जाड पट्टी येते. बहुतेक वेळा दांडीही चौकोनी पाइप जोडून लांब केलेली असते, कारण दांडी आखूड पडली की वळणावर पुढचा कोपरा ओढणाऱ्याला लागतो. तिसरा बदल आसाचा. मोटारीच्या मापाची चाकं हवीत म्हणून नवा आस, नवा हब, आणि मग जीपची चाकोरी सुटते. चौथा हातब्रेकचा. तो गंजतो, अडकतो, आणि मग पूर्णच काढून टाकला जातो. मागे उरतात फक्त भोकं.

मूळ चाकांबद्दल एक सावधगिरीचा शब्द. युद्धकाळातल्या बऱ्याच जीप आणि ट्रेलरची चाकं दोन भागांची असतात. दोन्ही भाग नटांनी जोडलेले असतात आणि चाक आसाला धरणारे नट निराळे. टायरमध्ये हवा असताना जोडणीचे नट सैल केले तर चाक फुटून माणूस दगावू शकतो. आधी हवा पूर्ण सोडावी, मगच पाना लावावा.

या घराण्याचा आपल्याशीही एक धागा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य आसामात होतं. तिथल्या लेडोपासून निघून ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता बांधून झाला आणि १९४५ च्या जानेवारीत त्यावरून पहिला ताफा निघाला. त्या रस्त्यावर जीप आणि त्यांचे ट्रेलर रोजचे होते. युद्ध संपल्यावर उरलेला माल डिस्पोजल म्हणून विकला गेला. त्याच १९४५ साली महिंद्रा आणि मोहम्मद ही कंपनी उभी राहिली, जी पुढे महिंद्रा आणि महिंद्रा झाली, आणि १९४९ मध्ये माझगावला विलीजच्या जीपची जोडणी सुरू झाली. भारतीय सैन्य कित्येक दशकं त्याच घराण्याच्या जीप वापरत आलं आणि पाव टनी ट्रेलर त्यांच्या मागे लागत राहिला. म्हणून महाराष्ट्रात एखाद्या बागायतीत, एखाद्या जुन्या वाड्याच्या मागच्या अंगणात पत्र्याचा दोनचाकी हौदा दिसला तर त्याला सरसकट अमेरिकन ठरवू नये आणि सरसकट भंगारही ठरवू नये. चाकांमधलं अंतर मोजावं, तळाला बुचं आहेत का ते बघावं, मागची कड तपासावी.

नावपट्टीवर मात्र फार विश्वास ठेवू नये. बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक आणि सैन्याला दिल्याची तारीख असलेली पट्टी आज नवी बनवून मिळते आणि चार रिव्हेट मारायला पाच मिनिटं लागतात. चासीच्या लोखंडावर ठोकलेला क्रमांक इतक्या सहजी बदलत नाही. रंगाचे थरही असेच. युद्धाच्या सुरुवातीला गाड्यांवरचे क्रमांक निळसर रंगात लिहीत, नंतर पांढऱ्या. वरचा थर हळूच, बारीक पॉलिशपेपरने ओला करून घासला तर खालचं सैन्यातलं लिखाण अक्षरशः उगवून येतं. ग्राइंडर लावला की ते कायमचं गेलं. हातात ग्राइंडर घेऊन सुरुवात करणाऱ्यांमुळे जेवढे ट्रेलर गेले तेवढे गंजानेही गेले नसतील, असं माझं ठाम मत आहे.

बँटमला युद्धानंतर जीप पुन्हा बनवता आली नाही. ट्रेलर बनवतच ती टिकून राहिली आणि १९५६ मध्ये एका पोलाद कंपनीच्या ताब्यात गेली. तिच्या हातचा एखादा हौदा तुमच्याकडे असेल, किंवा गावात कुणाकडे असेल, तर दुरुस्तीला देण्याआधी एवढं करा. चारही बाजूंचे आणि तळाचे फोटो काढा, चासीवरच्या क्रमांकावरची धूळ पुसून तो नीट उतरवून घ्या, चाकांमधल्या अंतराचं आणि दांडीच्या उंचीचं माप लिहून ठेवा, कुणी काय जोडलं आणि काय कापलं ते मालकाला विचारून नोंदवा. कापलेलं दार असलं तरी ते तसंच राहू द्या, आणि वेल्डिंगवाल्याच्या हाती ग्राइंडर देण्याआधी एक दिवस थांबा.